श्रीलंकेची आयटी : घरात गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून

दर्याकिनारी (धागाकर्ता)

लंडन स्टॉक एक्स्चेंजमध्ये शेअरच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी जुळवणारं सॉफ्टवेअर कोलंबोच्या वेशीवरच्या मालाबे गावात लिहिलं गेलंय. इथे नोकरीला येईपर्यंत मला याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे श्रीलंका म्हटलं की चहा, जयसूर्या आणि २०२२ साली राष्ट्रपतींच्या बंगल्यातल्या तलावात डुंबणारी माणसं, यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून हा धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

देशाची लोकसंख्या सव्वादोन कोटींहून थोडी कमीच, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढीही नाही. त्यात १९८३ ते २००९ यादवी. सॉफ्टवेअर विकत घेऊ शकेल असं देशात कोण होतं? काही बँका, टेलिफोन कंपन्या, कपड्यांचे कारखाने, चहाचे निर्यातदार. संपली यादी. त्यामुळे ज्याला सॉफ्टवेअरचा धंदा करायचा होता त्याला पहिल्या दिवसापासून बाहेरचं गिऱ्हाईक शोधणं भाग होतं.

मालाबेची ती कंपनी म्हणजे टोनी वीरसिंघे यांची मिलेनियम आयटी, १९९६ची. परदेशी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरची कामं करणारी व्हर्चुसाही त्याच सालची. ती निघाली अमेरिकेत, पण कामाचा मोठा भाग कोलंबोत. त्या वर्षी जानेवारीत कोलंबोच्या सेंट्रल बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळवला गेला होता. अशा शहरात बसून परदेशी गिऱ्हाइकाला 'तुमच्या शेअरबाजाराची यंत्रणा आमच्यावर सोपवा' म्हणायला छाती लागते.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण डब्ल्यूएसओटूचं (वेगवेगळ्या संगणक यंत्रणा एकमेकींशी जोडणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी). संजीव वीरवर्णा आयबीएमच्या संशोधन विभागात होते, २००१च्या सुमारास मायदेशी परतले. २००३ साली त्यांनी लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि तिथल्या पोरांना अपाची फाउंडेशन या खुल्या, म्हणजे कुणालाही फुकट बघता-वापरता येणाऱ्या कोडवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांवर कामाला लावलं. अपाची अ‍ॅक्सिस२ या त्यातल्या एका प्रकल्पात लंकेच्या मुलांचा वाटा मोठा आहे. मग २००५ साली पॉल फ्रीमँटल यांच्याबरोबर कंपनी काढली ती सगळा कोड खुला ठेवूनच. यात भाबडेपणा नव्हता, पक्का हिशोब होता. कोलंबोचा सेल्समन अमेरिकेतल्या बँकेत गेला तर रिसेप्शनच्या पुढे जाणार नाही. पण त्याच बँकेतल्या एखाद्या इंजिनिअरने तुमचा कोड फुकट उतरवून आधीच चालवला असेल, तर अडलं की फोन तो करतो. पैसे सपोर्टचे घ्यायचे. ईबेसारखी कंपनी दिवसाला १०० कोटींहून जास्त व्यवहार यांच्या सॉफ्टवेअरमधून फिरवत होती. तिथवर ही मंडळी पोचली ती अशी.

माणसं कुठून आली, तर मुख्यतः मोरटुवा विद्यापीठातून. गूगल समर ऑफ कोडमध्ये (विद्यार्थ्यांना खुल्या कोडच्या प्रकल्पांवर काम देणारा गूगलचा उपक्रम) वर्षानुवर्षं जगात सर्वाधिक विद्यार्थी या एका विद्यापीठाचे असायचे, आयआयटीवाल्यांनाही मागे टाकून. १९४०च्या दशकात तेव्हाचे शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी शिक्षण फुकट केलं, ते विद्यापीठापर्यंत आजही फुकट आहे. शिवाय सरकारी विद्यापीठांतल्या जागांपैकी ५५ टक्के जिल्ह्यांच्या वाट्याने जातात. त्यामुळे माझ्या टीममधला निम्मा कंपू कोलंबोचा नाहीच. कुरुनेगला, माटरा, बट्टिकलोवा. (या जिल्हा कोट्यावरून तमिळ आणि सिंहली समाजांत पूर्वी झालेलं भांडण हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे नको.)

थोडक्यात मला वाटतं ते असं : या देशाला छोटी बाजारपेठ नडली नाही. नडलं ते नंतरचं. त्यावर तुम्हा लोकांचं म्हणणं वाचायला आवडेल.

---

उन्हाळी_सुट्टी

वाचतेय. मस्त धागा. पहिल्या परिच्छेदालाच 'काय सांगता!' झालं.

---

वडगावचा_वाघ

कौतुक पुरे, जरा हिशोब मांडू या.

मिलेनियम आयटी : २००९ साली लंडन स्टॉक एक्स्चेंजने ३ कोटी डॉलरला उचलली. व्हर्चुसा : २०२१ साली बॅरिंग या गुंतवणूक कंपनीने सुमारे २०० कोटी डॉलरला. डब्ल्यूएसओटू : २०२४ साली स्वीडनच्या ईक्यूटीने, बातम्यांनुसार ६० कोटी डॉलरच्या वर. म्हणजे तुमच्या तिन्ही उदाहरणांची मालकी परदेशात. त्यातल्या दोन तर जन्मापासूनच कागदोपत्री अमेरिकन.

वासरू आपण वाढवायचं आणि दुधाला आलं की गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात. याला उद्योजकता म्हणायचं का? मला तरी ही उत्तम पगारदारांची नर्सरी वाटते. असो, पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

टर्मिनल

वाघोबा, ३ कोटी डॉलर हा आकडा नुसता बघून चालणार नाही. मी मुंबईत ब्रोकरांच्या यंत्रणा सांभाळतो, थोडं या बाजूचं सांगतो.

लंडनकडे आधी ट्रेडइलेक्ट नावाची यंत्रणा होती, मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर बांधलेली. ८ सप्टेंबर २००८, सोमवार. अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्ज कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्याची बातमी आदल्या दिवशीची. जगभर उलाढाल उसळलेली, आणि लंडनचा बाजार जवळजवळ सात तास ठप्प. ब्रोकर नुसते स्क्रीनकडे बघत बसलेले. पुढच्याच वर्षी त्यांनी यंत्रणा विकत घेण्याऐवजी यंत्रणा बनवणारी कंपनीच घेतली. फेब्रुवारी २०११ पासून मुख्य बाजार लंकेच्या सॉफ्टवेअरवर चालू लागला. नंतर मिलान आणि जोहान्सबर्गही त्यावर आले.

आता यात अवघड काय असतं ते बघा. एका शेअरच्या सगळ्या ऑर्डरी एकाच रांगेत, आल्या त्या क्रमाने निपटाव्या लागतात. आधी भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला. दहा संगणक लावून दहापट वेग येईल, असं होत नाही, कारण रांग मोडता येत नाही. म्हणून ऑर्डरींचं सगळं पुस्तक मेमरीत ठेवायचं, मधे डिस्कला हात लावायचा नाही आणि एक-एक मायक्रोसेकंद वाचवायचा. त्याच वेळी शेजारी दुसरी प्रत चालू ठेवायची, जी पहिली पडली तर त्याच क्रमाने, एकही ऑर्डर न गाळता, न दुहेरी करता पुढे नेईल. मनुष्यबळ ओतून हे काम होत नाही. दहा-बारा माणसांचा गट लागतो, पण ती माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर हवीत. आपल्याकडच्या मोठ्या सेवा कंपन्यांचं गणित इथे चालत नाही, त्यांना दर दोन वर्षांनी माणूस दुसऱ्या प्रकल्पावर हवा असतो.

आणि धंद्याच्या बाजूने बघा. जगात शेअरबाजार मोजके. एकाने यंत्रणा घेतली की दहा-दहा वर्षं बदलत नाही. दोन विक्रींच्या मधे छोटी कंपनी पगार कशातून देणार? विकणं हा शहाणपणा होता. भाव कमी मिळाला हे मान्य, कारण ट्रेडइलेक्टवर लंडनने याहून जास्त पैसे घातले होते.

---

वडगावचा_वाघ

@टर्मिनल, तांत्रिक भाग आवडला. निष्कर्ष नाही. 'शहाणपणाने विकली' आणि 'नाइलाजाने विकली' यात लंकेच्या तिजोरीत काय फरक पडला?

---

टर्मिनल

तिजोरीचं आपल्या बँकवाल्या अक्कांना (अक्का_डेबिटवाल्या) विचारा. एवढं मात्र दिसतं की मालाबेचं ऑफिस बंद होऊन काम लंडनला गेलं नाही, उलट तिथली भरती वाढत गेली. शिवाय तिथून बाहेर पडलेली माणसं कोलंबोतल्या दुसऱ्या कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत.

---

अक्का_डेबिटवाल्या

माझं नाव आलंच आहे तर लिहिते. निवृत्तीपर्यंत बँकेत परकीय चलनाच्या खात्यात होते. श्रीलंकेशी कामापुरता संबंध आलेला.

'कागदोपत्री अमेरिकन' याचं कारण देशप्रेमाचा अभाव नाही. लंकेत १९५३चा विनिमय नियंत्रण कायदा २०१७ पर्यंत लागू होता. परदेशी गुंतवणूकदाराला शेअर द्यायचे, नंतर त्याला बाहेर पडताना पैसे न्यायचे, दुसऱ्या देशात उपकंपनी काढायची, प्रत्येक पायरीला सेंट्रल बँकेची परवानगी. कोणता गुंतवणूकदार त्या भानगडीत पडेल? तो म्हणणार, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नाहीतर सिंगापूरला कंपनी नोंदवा, मग बोलू. डब्ल्यूएसओटूत इंटेल कॅपिटल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीचा पैसा सुरुवातीच्या काळातच आला होता. कंपनी निव्वळ कोलंबोची असती तर आला असता असं मला वाटत नाही.

आणि लहान माणसाची अडचण तर याहून साधी. लंकेतल्या पेपॅल खात्यातून पैसे पाठवता येतात, पण बाहेरून आलेले घेता येत नाहीत. दर सरकार 'लवकरच सुरू होईल' म्हणतं. एखाद्या पोरीने गॉलमध्ये बसून वीस डॉलरचं अ‍ॅप बनवलं, तर ते वीस डॉलर आणायचे कसे? मग कुणाचा तरी सिंगापूरमधला मामा शोधायचा. मोठी कंपनी वकील लावून यातून वाट काढते. सुरुवात करणारा तिथेच कंटाळतो आणि नोकरी धरतो. वाघ, तुमची 'पगारदारांची नर्सरी' इथे तयार होते बघा.

---

दर्याकिनारी

अक्का, मी 'नंतरचं नडलं' म्हणालो ते नेमकं हेच. माझ्या टीममधल्या दोघांनी नोकरी सांभाळून छोटं उत्पादन काढलं होतं. कोड महिन्याभरात झाला. पैसे घ्यायची सोय करण्यात वर्ष गेलं आणि शेवटी ते बंदच केलं.

---

मीठभाकर

मी कोल्हापूरकडचा. आमची लहान कंपनी आहे, साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊस नोंदणी, तोडणी वाहतूक, वजनकाटा, शेतकऱ्यांची बिलं.

धाग्याचं शीर्षक वाचून हसू आलं. आमच्या दारात गिऱ्हाईक भरपूर. त्यामुळे बाहेर बघायची कधी वेळच आली नाही. पण बिल पास व्हायला गाळप हंगाम उलटतो. आधी संचालक मंडळाची मीटिंग, मग निवडणूक, मग नवीन चेअरमन म्हणतात मागच्यांनी काय ठरवलं ते आम्हाला माहीत नाही. वसुलीसाठी चपला झिजतात. शिवाय प्रत्येक कारखान्याला रिपोर्ट वेगळा हवा, म्हणून उत्पादन असं राहतच नाही, प्रत्येकाचं वेगळं गाठोडं होतं. लंकेच्या लोकांना ही चैन नव्हती म्हणून वाचले म्हणायचे.

प्रश्न : घरच्याच गिऱ्हाइकावर उभी राहिलेली एकही कंपनी नाही का तिथे?

---

दर्याकिनारी

आहेत की. कपरुका घ्या, २००३ची. परदेशातल्या लंकन माणसाने वेबसाइटवरून आईच्या वाढदिवसाला केक पाठवायचा, यावर उभी राहिली. (गिऱ्हाईक घरचं, पण पाकीट बाहेरचं!) आणि पिकमी. रिक्षा-टॅक्सी बोलवायचं अ‍ॅप, जिफ्री झुल्फर यांनी २०१५ साली सुरू केलं. त्याच वर्षाच्या शेवटी उबर आलं. सगळ्यांना वाटलं आता पिकमीचा बाजार उठला. तसं झालं नाही.

कारण सांगतो. इथे रिक्षाला थ्रीव्हील म्हणतात, आणि पिकमीने सुरुवातीपासून थ्रीव्हीलवाल्याला धरलं. मीटर असलेली रिक्षा शोधणं, भाव करणं, हे कोलंबोतलं रोजचं रडगाणं होतं. ते अ‍ॅपने संपवलं. रोख पैसे चालतात. चालकाला अ‍ॅप सिंहली किंवा तमिळमध्ये. पुढे त्याच चालकांच्या जोरावर जेवण पोचवणं, सामान पोचवणं आलं. २०२४ साली कंपनी कोलंबो शेअरबाजारात नोंदली गेली. वाघोबा, हे वासरू अजून घरच्याच गोठ्यात आहे.

अवांतर : डब्ल्यूएसओटूचे संजीव स्वतः फावल्या वेळात पिकमीवर गाडी चालवायचे. पेपरात बरंच आलं होतं. चालकाचं काम हलकं समजू नये म्हणून करतो, असं त्यांचं म्हणणं.

आता २०२२. मार्चअखेरीस वीज दिवसाला तेरा-तेरा तास जायची. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जं फेडणं थांबवलं. डॉलर दोनशे रुपयांवरून दोन महिन्यांत साडेतीनशेच्या पुढे. आमच्या ऑफिसात जनरेटर होता पण डिझेल नव्हतं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाबरोबर कॉल चालू असताना लोक फोनच्या टॉर्चच्या उजेडात बसलेले मी पाहिलेत. लॅपटॉपची बॅटरी कुणाची किती उरली त्यावर कोण प्रेझेंटेशन देणार ते ठरायचं. थ्रीव्हीलवाले पेट्रोलच्या रांगेत गाडीतच झोपायचे. रांगेत माणसं दगावली.

जुलैत क्यूआर कोडवर इंधन वाटपाची योजना आली, नॅशनल फ्युएल पास. सरकारी आयसीटीए संस्था आणि खासगी आयटीतले लोक मिळून थोड्या दिवसांत उभी केलेली. वाहनाचा नंबर आणि चासी नंबर टाकायचा, तो आरटीओच्या नोंदीशी ताडला जातो आणि तुम्हाला एक कोड मिळतो. मोटारसायकलला आठवड्याला ४ लिटर, थ्रीव्हीलला ५, कारला २०. पंपावरचा पोरगा स्वतःच्या मोबाइलवर कोड स्कॅन करतो, किती शिल्लक ते दिसतं, भरतो तेवढं वजा होतं. थ्रीव्हीलवाल्यांनी कोडचा कागद लॅमिनेट करून आरशाला टांगलेला. दुसऱ्या पंपावर जाऊन पुन्हा भरायची सोय संपली, त्यामुळे साठेबाजी आटोक्यात आली आणि रांगा बघता बघता लहान झाल्या. टंचाई सरल्यावर योजना थांबली.

मला यात विशेष हे वाटलं की बाहेरच्या जगासाठी सॉफ्टवेअर लिहायची सवय असलेल्या माणसांना पहिल्यांदाच अख्खा देश गिऱ्हाईक म्हणून मिळाला, आणि त्यांनी ते काम नीट केलं.

---

उन्हाळी_सुट्टी

पहिल्यांदाच नाही हो, दर्याकिनारी! सहाना विसरलात का? २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी. लंकेत तीसेक हजारांहून जास्त माणसं गेली. बेपत्ता कोण, छावणीत कोण, कुठल्या छावणीत काय कमी आहे, हे नोंदवायला काहीच नव्हतं. तुमच्याच त्या लंका सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या आणि इतर स्वयंसेवकांनी काही आठवड्यांत सहाना लिहिलं, कोड खुला. पुढे पाकिस्तानच्या २००५च्या भूकंपात आणि २०१०ला हैतीतही वापरलं गेलं. मी आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यास करताना पहिलं नाव वाचलं ते हेच. लंकेचं आहे हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं.

आणि जाफनाबद्दल कुणीच लिहिलं नाही. युद्ध संपल्यावर तिथे यार्ल आयटी हब नावाने लोक एकत्र आले, मुलांच्या स्पर्धा घेतात, बाहेरची तमिळ मंडळी मार्गदर्शनाला येतात. कोलंबोला न जाता काम मिळावं हा उद्देश. कोलंबोत बसून तुम्हाला ते किती दिसतं?

---

दर्याकिनारी

सहानाबद्दल बरोबर, माझं वाक्य तेवढं मागे घ्या. जाफनाचं काम दिसतं, वाढतंय. आमच्या टीममधले दोघे कोविडनंतर तिकडूनच काम करतात. पण तिथून उत्पादन काढून विकणं अजून फार थोडं. बहुतेक काम कोलंबोच्या किंवा परदेशातल्या तमिळ माणसाच्या कंपनीसाठी.

---

वडगावचा_वाघ

पिकमी मान्य. क्यूआर तर फारच मान्य. तरी शेवटचा मुद्दा राहिलाच, माणसं राहतात का?

२०२२ या एका वर्षात ३ लाखांहून जास्त लोक नोकरीसाठी देश सोडून गेले. त्यात आखातातले मजूर, घरकामगार बायका जास्त हे ठाऊक आहे, पण इंजिनिअरही गेले. जानेवारी २०२३ पासून प्राप्तिकराचा वरचा दर ३६ टक्के. एप्रिल २०२५ पासून सेवा निर्यातीच्या उत्पन्नावर १५ टक्के कर, जे आधी करमुक्त होतं. म्हणजे घरी बसून डॉलर आणणाऱ्यालाच पकडलं. स्लासकॉम या त्यांच्या उद्योगसंघटनेने २०२२ पर्यंत ५०० कोटी डॉलर निर्यातीचं स्वप्न रंगवलं होतं. त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही.

---

अक्का_डेबिटवाल्या

वाघ, कराबद्दल माझं मत उलट आहे. नाणेनिधीच्या अटी डोक्यावर असताना चहामळ्यातल्या बाईने वाढीव विक्रीकर भरायचा आणि डॉलर कमावणाऱ्याने काहीच नाही, हे किती दिवस चालणार होतं? १५ टक्के हा ३६च्या निम्म्याहूनही कमी. तक्रार करायचीच तर याची करा की कर घेताना पैसे आणायचा रस्ताही रुंद करून द्यायला हवा होता. एक हात पुढे आला, दुसरा खिशातच.

---

टर्मिनल

+१. शिवाय माणसं जातात हे खरं, पण डब्ल्यूएसओटूची सुरुवातच परत आलेल्या माणसाने केली. गेलेल्यांतले दहा परत यावेत अशी व्यवस्था ठेवली तरी पुष्कळ.

---

वडगावचा_वाघ

अक्का, विक्रीकराचं पटलं. 'दहा परत येतील' हे अजिबात नाही. २००१ साली परतणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. आजच्याला तेरा तासांचा अंधार आठवतो.

---

मीठभाकर

वाद चालू द्या, माझा कामाचा प्रश्न. आमचं वजनकाट्याचं मॉड्यूल चांगलं आहे. डब्ल्यूएसओटूसारखं खुलं करून टाकलं तर बाहेरून गिऱ्हाईक येईल का?

---

दर्याकिनारी

मला शंका आहे. त्यांचं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस स्वतः प्रोग्रामर होता, म्हणून कोड बघून त्याला विश्वास वाटला. कारखान्याचा चीफ अकाउंटंट गिटहबवर (प्रोग्रामर खुला कोड ठेवतात ती वेबसाइट) जात नाही. तुम्हाला मिलेनियम आयटीची वाट जास्त जवळची : एकच अवघड काम, जगात मोजकी गिऱ्हाइकं आणि सगळ्यांची गरज साधारण सारखी. ऊस तर अर्ध्या जगात आहे. पण आधी प्रत्येकाला वेगळा रिपोर्ट देणं बंद करा, नाहीतर बाहेरही तेच गाठोडं घेऊन फिराल.

---

मीठभाकर

केनियातल्या एका कारखान्याची मेल येऊन पडली आहे. डॉलरमध्ये किती सांगायचे ते कळेना म्हणून उत्तर दिलं नव्हतं. पाठवतो आज कोटेशन.

---

अक्का_डेबिटवाल्या

निम्मी रक्कम आगाऊ मागा. आणि सॉफ्टेक्स फॉर्मचं (सॉफ्टवेअर निर्यातीची नोंद करायचा फॉर्म) आधी बघून घ्या, पैसे आल्यावर धावाधाव नको. काही अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.